सातचा भोंगा

2020 च्या जुलैत मी आमच्या गावात घरोघर फिरत होते आणि प्रत्येक दारात एकच सांगत होते, घरात एक स्मार्टफोन घ्या. शाळेला कुलूप होतं. अभ्यासाच्या लिंक रोज सकाळी वरून यायच्या आणि माझ्या पाचवीच्या एकोणतीस मुलांपैकी अकरा जणांच्या घरी बटणाचा साधा फोन होता. वस्तीवरच्या एका घरानं माझ्या शब्दावर शेळी विकली. तालुक्याच्या गावाहून सात हजारांचा फोन आला. पोराच्या वडिलांनी तो खोक्यासकट माझ्या हातात दिला. "मॅडम, तुम्हीच चालू करून द्या. आमच्या हातनं बिघडायचा." मी ओसरीवर बसून तो चालू केला, वर्गाच्या ग्रुपमध्ये नंबर घातला, कुठं दाबलं की व्हिडिओ लागतो ते पोराला दाखवलं. त्या घराचं आपण भलं करतोय, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

दोन वर्षांनी, पोरगा सातवीत असताना, त्याची आई शाळेत आली. रानातून तशीच आली होती. हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे होते. पदरात गुंडाळलेला फोन तिनं माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्हीच घ्यायला सांगितला होता. आता तुम्हीच ठेवून घ्या." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

पोरगा रात्री एक-एक वाजेपर्यंत गोळीबाराचा खेळ खेळत होता. वर्गात डुलक्या घ्यायचा. जागा असला की त्याचे दोन्ही अंगठे बाकाच्या कडेवर हलत असायचे, डावा गोल गोल फिरायचा, उजवा टकटक करायचा, आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा. मी फोन ठेवून घेतला नाही. पण एका मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून म्हटलं, मला हा खेळ शिकव.

वर्षभरात त्याच्या तोंडून मी सलग चार वाक्यं ऐकली नव्हती. त्या दिवशी तो वीस मिनिटं बोलला. उडी कुठं मारायची, कुठल्या घरात बंदूक सापडते, मागून पावलांचा आवाज आला तर कान कसा द्यायचा. त्याच्या चौघांच्या संघात एक विट्याचा मावसभाऊ होता, एक मिरजेचा मुलगा आणि एक थेट बिहारचा. त्या बिहारच्या मुलाशी हा हिंदीत बोलायचा. माझ्या हिंदीच्या तासाला मिटलेलं तोंड तिथं उघडत होतं. "मग आई हाक मारते तेव्हा उठत का नाहीस?" मी विचारलं. "अर्ध्यातनं सोडता येत नाही मॅडम. मी गेलो तर बाकीचे तिघं मरत्यात." त्याच्या लेखी ही सबब नव्हती. तो दिलेला शब्द पाळत होता.

मग त्यानं मला बक्षिसांचं पान दाखवलं. रोज खेळ उघडला की एक छोटी पेटी मिळते. सात दिवस सलग उघडला की मोठी. मधला एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. पेटीत काय आहे ते ती उघडेपर्यंत कळत नाही, आणि हवं ते निघालं नाही तर विकत घ्यायचीही सोय आहे, वडिलांच्या फोनमधल्या पैशांतून. ते पान बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. मूल रोज शाळेत यावं म्हणून आम्ही किती खटाटोप करतो. पोषण आहार शिजवतो, गणवेश वाटतो, गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देतो. इथं कुणीतरी आमच्यापेक्षा बारकाईनं मुलाच्या मनाचा अभ्यास केला होता आणि त्याला एकही दिवस गैरहजर राहू न देणारी यंत्रणा उभी केली होती. हजर राहून त्या मुलाचं काय होतं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

त्याच आठवड्यात वडील भेटले. "सरकारच का आवळत नाही ह्याला? दिवसाला एक तास, बास. कायदाच करायचा." हा प्रश्न मला आजवर कितीतरी पालकांनी विचारला आहे. तो त्या दिवशी माझ्यासोबत घरी आला आणि बरेच महिने राहिला.

असा कायदा जगात झालेला आहे. चीनमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ खेळायचे तर फक्त शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी, तेही रात्री आठ ते नऊ. आठवड्याला तीन तास. खात्याला खरं नाव आणि ओळख क्रमांक जोडावा लागतो. तिथल्या एका मोठ्या कंपनीनं तर रात्री खेळणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर तपासायला सुरुवात केली, कारण मुलं आजी-आजोबांच्या नावानं खेळत होती. तिथं आधीचा, 2019 चा नियम सैल होता, रोज दीड तास आणि सुट्टीला तीन. त्या नियमानं काय साधलं याचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक अब्ज तासांच्या खेळाची नोंद तपासूनही तासन्‌तास खेळणं घटल्याचा पुरावा त्या संशोधकांना सापडला नाही. त्यांच्या नोंदीत मुलं आणि मोठी माणसं वेगळी काढता येत नव्हती, हेही सांगायला हवं. म्हणून मी त्यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण मला आठवत राहतात ती आजीच्या नावानं खेळणारी मुलं. ज्या घरात आजीनं नातवासाठी आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला असेल, त्या घरात कायद्यानं नेमकं काय शिकवलं?

दक्षिण कोरियानं 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा खेळायला मनाई केली. मुलं आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरू लागली, खेळ संगणकावरून फोनवर गेला आणि 2022 च्या सुरुवातीला तो कायदा रद्द झाला. जपानच्या कागावा प्रांतानं 2020 मध्ये शाळेच्या दिवशी साठ मिनिटं, सुट्टीला नव्वद असं ठरवलं, पण दंड ठेवला नाही. अंमलबजावणी घरावर सोपवली. आपल्याकडं 2020 मध्ये पबजीवर आणि 2022 मध्ये फ्री फायरवर बंदी आली. ती देशाच्या सुरक्षेच्या कारणानं होती, मुलांच्या झोपेसाठी नव्हे. फ्री फायर गेला तेव्हा त्याचाच फ्री फायर मॅक्स चालू राहिला, आणि आमच्या पोरांना हे माझ्याआधी कळलं.

या सगळ्या नियमांत मोजलं जातं ते घड्याळ. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली, तिथं मात्र तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी लक्षणं तिथं दिली आहेत. ती ओळखायला मुलाजवळ बसावं लागतं. सरकारला बसता येत नाही, म्हणून ते तास मोजतं. मी याला सरकारचा दोष म्हणत नाही. तो त्याच्या हाताचा आकारच आहे. एवढ्या मोठ्या हातानं पोराच्या डोळ्यांतली झोप चाचपता येत नाही.

पण त्या मोठ्या हाताला जमण्यासारखी कामं आहेत, आणि तिथं तो आखडता घेतलेला मला सहन होत नाही. न उघडलेल्या पेट्या मुलांना विकणं थांबवता येईल. सात दिवसांची ती मोजणी मुलांच्या खात्यावर बंद करायला लावता येईल. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यानं मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई केली आणि अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची केली. 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. दोन्ही ठिकाणी बोट विकणाऱ्याकडं आहे. मला ही दिशा पटते. मुलाला बांधण्याआधी त्याला बांधून ठेवणाऱ्याचे हात बांधले पाहिजेत.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. आमच्याकडं शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत त्या पोराचे वडील साडेदहाला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला रानात जातात आणि पहाटे परत येतात. दिवसभर भांगलून आलेली आई नऊलाच पडते. मग घरात जागा राहतो तो पोरगा, आणि त्याच्या हातात फोन. बिहारचा मुलगा, मिरजेचा मुलगा, सगळे जागे. वडील रानात का, याचं उत्तर विजेच्या वेळापत्रकात आहे. फोन घरात का, याचं उत्तर माझ्यात आहे. मग त्याच्या एका तासाचा कायदा करायचा आणि बाकी सगळं आहे तिथंच ठेवायचं, हे मला त्या मुलावर अन्याय करणारं वाटतं.

2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावानं एक गोष्ट केली. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर बायकांची बैठक झाली आणि गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघर गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदीच केली आणि दोनशे रुपये दंड ठेवला. ग्रामपंचायत हेही सरकारच. दोन्हीकडं काळजी एकच, यात मला शंका नाही. पण एका गावात भोंगा सगळ्यांसाठी वाजतो आणि दुसऱ्या गावात दंड पोरांसाठी आहे, हा फरक मला तेव्हा वाचून कळला नव्हता. तो कळला आमच्या ग्रामसभेत.

2023 चा प्रजासत्ताक दिन. झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरात सभा भरली. मोबाइलवर भोंगा की दंड, असा विषय निघाला तसे सगळे पुरुष दंडाच्या बाजूचे. "पैसे भरावे लागले की पोरं सरळ होतील." दंड पोरं कुठून भरणार, असं मी विचारलं, त्यावर कुणी बोललं नाही. मग मागच्या सतरंजीवरून एक बाई उठल्या. "भोंगा वाजल्यावर आमच्या मालिका पण बंद व्हायच्या का?" थोडा गलका झाला. तो शांत होईपर्यंत त्या पोराची आई उभी राहिली होती. तिला सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मी त्याला बंद कर म्हणते, तवा माझ्यापुढं टीव्ही चालूच असतो," ती म्हणाली. "तो नुसता बघतो माझ्याकडं. बोलत काय नाही." आणि खाली बसली.

त्यानंतर दंडाचं कुणी काढलं नाही. मारुतीच्या देवळाच्या कर्ण्यावरून सातला भोंगा, साडेआठला पुन्हा भोंगा, सगळ्यांसाठी. बटण दाबायचं काम ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं. हे सुरळीत चाललं असं मी सांगणार नाही. काही घरांनी आवाज बारीक करून टीव्ही चालूच ठेवला. पुढच्या हंगामात ऊसतोड सुरू झाल्यावर महिनाभर सगळं कोलमडलं, मग पुन्हा मार्गी लागलं. त्या पोरानं खेळ सोडला नाही. साडेआठला तो संघात परत जायचा. पण आता भोंग्याच्या आधी तिघांना सांगून निघायचा, आणि त्याच्याशिवाय ते तिघं मरत नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

पहिल्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी वस्तीवर चक्कर टाकली. सव्वासात झाले असतील. चुलीजवळ आई भाकरी थापत होती. वडील उंबऱ्यावर बसले होते, सदऱ्याच्या खिशात बंद केलेला फोन, हात गुडघ्यांवर. पोरगा दोन हात अंतरावर भिंतीला टेकून. मला बघून वडील उठले, मग परत बसले.

"मॅडम, फोन बंद केला. टीव्ही बंद केला." आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता दीड तास ह्याच्याशी काय बोलू?"

मला उत्तर सुचलं नाही. मी पायरीवर बसले. बराच वेळ तव्यावर भाकरी फिरवल्याचा तेवढा आवाज येत होता.

"पप्पा," पोरगा म्हणाला, "आज मोटारीची पाळी रातची हाय का?"

"साडेदहाला."

"मी येऊ?"

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पोरगा उठला आणि दुसरी बॅटरी शोधायला आत गेला.