मागितल्यावांचून येणारी हवा

पाण्याखालीं श्वास घेण्याचें यंत्र बिघडलें, असें कोणीं सांगितलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत पहिली कल्पना येते ती हवा बंद पडल्याची. वस्तुतः ज्यांच्या हातांखालून हीं यंत्रें रोज जातात, त्यांच्याकडे येणारी नित्याची तक्रार याच्या अगदीं उलट असते. हवा बंद होत नाहीं, ही ती तक्रार! टाकीची चावी उघडली कीं मुखनळींतून फुस्स करून वारा सुटतो. नळी तोंडांत धरावी तर गाल फुगतात, बाजूस ठेवावी तर टाकी रिकामी होईपर्यंत वारा वाहत राहतो. त्या धंद्यांतले लोक यास 'फ्री-फ्लो' म्हणतात. आमच्या घरांत त्यास 'मोकाट हवा' असें नांव पडलें आहे.

आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या घरांत हा विषय शिरला तो आमच्या कन्येमुळें. तिनें पाणबुडीचें रीतसर शिक्षण घेतलें आणि पुढें एक वापरलेला रेग्युलेटर विकत आणला. तो असाच मोकाट निघाला. तिला जावयाचें होतें आंग्रिया बँकेवर. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर, आंग्र्यांचें नांव धारण करणारें हें प्रवाळांचें पठार समुद्रांत बुडालेलें आहे, व त्याच्या माथ्यावरहि वीसएक मीटर पाणी आहे. तेथें दुरुस्तीचें दुकान नाहीं, हें सांगावयास नकोच. म्हणून निघण्यापूर्वीं चार दिवस ती, तिचें यंत्र आणि तिची काळजी वाहणारे आम्ही, असे मिळून मालवणास आमच्या भाच्याच्या दारांत येऊन उभे राहिलों. हंगामांत पाहुण्यांस सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचीं प्रवाळें दाखवावीं, आणि पावसाळ्यांत समुद्र बंद झाला म्हणजे आपलीं व शेजाऱ्यांचीं यंत्रें खोलून बसावें, असा त्याचा व्यवसाय आहे.

यंत्राची घडण थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील वाद कळावयाचा नाहीं. टाकींत हवा कोंडलेली असते ती सुमारें २०० बार दाबानें. टाकीच्या तोंडाशीं बसविलेला जो पहिला भाग, ज्यास ते 'फर्स्ट स्टेज' म्हणतात, तो हा दाब उतरवून सभोंवारच्या पाण्याच्या दाबाहून नऊ-दहा बार अधिक इतका ठेवतो. तेथून ती हवा रबरी नळीनें तोंडाजवळच्या डबींत, म्हणजे 'सेकंड स्टेज'मध्यें, येऊन दाराशीं थांबते. दार म्हणजे एक बारीक भोंक आणि त्यावर स्प्रिंगनें दाबून धरलेली रबराची लहानशी बैठक. या बैठकीस एक तरफ जोडलेली असते, तरफेवर रबराचा पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे समुद्र. आपण श्वास ओढला म्हणजे डबींतील दाब घटतो, पडदा आंत येतो, तरफ दबते व दार उघडतें. ओढणें थांबलें कीं पडदा परततो व दार लागतें. हवा मागितली तर मिळावी, एरवीं नाहीं, एवढाच काय तो या सर्व खटाटोपाचा हेतु.

भाच्यानें डबीला प्रथम हातच लावला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटलें. त्यानें आधीं मधल्या नळीवर दाबमापक बसविला आणि कांटा पाहत स्वस्थ बसला. फर्स्ट स्टेज जर आंतून झिरपत असेल, तर मधला दाब हळूहळू चढत जातो आणि शेवटीं डबीचें दार लोटून बाहेर पडतो. अशा वेळीं दाराची स्प्रिंग आवळून आवाज बंद करतां येईल. पण तें तापाच्या रोग्यास थंड पाण्याच्या घड्या घालून बरा झाला म्हणण्यासारखें होय. कांटा साडेनवांवर गेला आणि तेथेंच राहिला. दोष खालचा होता.

मग डबी उघडली. भिंगाखालीं धरल्यावर रबरी बैठकीवर नाण्याच्या कडेसारखें एक गोल वळें उमटलेलें आम्हांसहि दिसलें. भोंकाची कड धारदार असते. यंत्र महिनोन्महिने तसेंच पडून राहिलें म्हणजे स्प्रिंगच्या दाबाखालीं ती कड रबरांत रुतते, आणि मग हवेस निसटावयास वाट मिळते. वापरानें यंत्र झिजतें हें सर्वांस ठाऊक आहे. न वापरल्यानेंहि तें बिघडतें, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

नवी बैठक घातल्यावर खरें जुळवणें सुरू झालें. त्यांत दोन मापें आहेत आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेलीं. तरफ फार उंच राहिली तर पडदा तिला सदाचाच दाबून धरतो, आणि भोंक कितीहि आवळलें तरी फुसफुस थांबत नाहीं. फार खालीं गेली तर पडदा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं व श्वास अपुरा पडतो. पडदा तरफेस नुसता टेकला पाहिजे. शिवाय भोंक आंत फिरविलें कीं तरफ थोडी उतरते, म्हणजे एक साधलें तों दुसरें ढळतें. हवा चालू ठेवून भाचा तें भोंक बारीक हत्यारानें फिरवीत होता, आणि प्रत्येक वेळीं फिरविण्याआधीं समोरचें बटन दाबून बैठक उचलून धरीत होता, कीं धारेनें नवें रबर कातरूं नये. फिरवावें, बटन सोडावें, ऐकावें. आवाज बारीक होत होत नाहींसा झाला. त्यानंतर त्यानें आणखी केसभर फिरविलें.

वाद झाला तो या केसभरावरून. कन्येनें यंत्र तोंडांत धरून पाहिलें व म्हणाली, "दादा, हें केसभर मागें घे ना. भाड्याचीं यंत्रें ओढून ओढून माझी छाती दुखते. आपलें स्वतःचें तरी हलकें असावें." आम्ही बाप, मुलीला श्वासाचे श्रम पडूं नयेत असें आमच्याहि मनांत आलें. भाच्यानें वाद न करतां तें केसभर मागें घेतलें आणि पाण्याचें घमेलें पुढें ओढलें. मुखनळी वर करून त्यानें डबी पाण्यांत उतरविली. पडदा पाऊण इंच बुडाला नाहीं तोंच हवा सुटली! नळीवर अंगठा ठेवतांच ती थांबली. मग त्यानें पुन्हा आवळलें. आतां सव्वा इंचावर सुटली. "बाये," तो म्हणाला, "मागल्याबिगर येता ती हवा आपल्या कामाची नाय."

हा सव्वा इंच त्याच्या मर्जीचा नव्हता, आणि हेंच आम्हांस विशेष वाटलें. पडद्यापासून उच्छ्वासाच्या झडपेपर्यंतचें अंतर त्या डबींत जवळपास एक इंच आहे. डबींतील हवेचा दाब राहतो तो त्या झडपेजवळच्या पाण्याइतका. पोहणाऱ्यानें मान खालीं घातली व झडप पडद्याहून इंचभर वर गेली, तर पडद्यावर तेवढ्या इंचभर पाण्याचा अधिक भार पडतो. स्प्रिंग त्याहून नरम असेल तर पडदा आपोआप दबणार आणि हवा मोकाट सुटणार. म्हणजे श्वास किती हलका करावा याची मर्यादा डबीच्या आकारानेंच घालून दिलेली आहे. कारागिरानें ती ओळखावयाची.

ज्यांनीं हें यंत्र आजच्या रूपास आणलें त्यांसहि ही मर्यादा अशीच भेटली होती. एमिल गान्यां हा पॅरिसमधील अभियंता आणि जाक-ईव्ह कुस्तो हा नौदलांतील अधिकारी. १९४३ च्या आरंभीं कुस्तो नवें यंत्र घेऊन मार्न नदीच्या थंडगार पाण्यांत उतरला. आडवें पोहतांना हवा उत्तम येई. पण उभें राहतांच ती भसाभस वाहूं लागे, आणि डोकें खालीं करतांच ओढूनहि पुरेशी मिळेना. त्या यंत्रांत पडदा होता पाठीवर आणि उच्छ्वासाचें तोंड होतें दूर. उभें राहिलें कीं तें तोंड पडद्याच्या वर जाई, उलटें झालें कीं खालीं. दोघांनीं तीं दोन्ही शेजारीं शेजारीं आणलीं व दोष गेला. त्याच वर्षींच्या जूनमध्यें कुस्तोनें तें यंत्र भूमध्य समुद्रांत नेलें. घमेल्यांतला पाऊण इंच आणि मार्न नदीचा तो दिवस एकाच नियमाचे साक्षी आहेत.

कोणी म्हणेल कीं, मोकाट हवा कांहीं अगदींच वाईट नव्हे. हवा तर येते! यांत तथ्य आहे. या दाराची योजनाच अशी असते कीं, तें बिघडलें तर उघडें राहून बिघडावें. शिकाऊ लोकांकडून उथळ पाण्यांत याचा सरावहि करवितात: ओंठ आवळावयाचे नाहींत, लोंढ्यांतून लागेल तेवढी हवा टिपावयाची, बाकीची जाऊं द्यावयाची, आणि सोबत्यासह वर यावयाचें. होडीवरून उडी टाकतांना नळी वर राहून होणारा फ्री-फ्लो तर बिघाडहि नव्हे. नळीचें तोंड खालीं केलें कीं तो थांबतो. थंड देशांत डबीच्या आंत बर्फ धरून दार अडकतें, तें भय मालवणच्या उबदार पाण्यांत नाहीं. आमच्याकडचे शत्रु म्हणजे मीठ आणि वाळू. तथापि वीस मीटर खालीं, जेथें एकेका श्वासाला वरच्यापेक्षां तिप्पट हवा खर्च होते, तेथें टाकी आपल्या डोळ्यांदेखत बुडबुडे होऊन जात असतांना शांतपणें टिपत बसणें सर्वांस साधेलच असें आम्हांस वाटत नाहीं. आमचा कौल भाच्याकडे पडला. कन्या थोडी हिरमुसली. पण दुसऱ्या दिवशीं किल्ल्याजवळ तासाभराच्या बुडीनंतर वर आली ती यंत्राविषयीं अवाक्षर न काढतां, माशांविषयींच बोलत.

आंग्रियावर ती तीन दिवस राहिली. निघतेवेळीं भाच्यानें तिला एकच गोष्ट दोनदां बजाविली: रोज संध्याकाळीं यंत्र गोड्या पाण्यांत भिजत घाल, मात्र टाकीपासून सोडविलेलें असतांना भिजवशील, तर समोरचें बटन दाबूं नकोस, पाणी आंत शिरेल.