दगड बोलतो, पण खरे बोलतो का?

‘पोलिसी हिसका दाखवला की दगडही बोलतो,’ असे आमच्या वडनेरला वडीलधारी मंडळी म्हणतात. बोलत असेल, पण तो खरे बोलतो का, हा माझा प्रश्न आहे.

इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यानेही पोलिसांपुढची कबुली पुरावा मानली नव्हती. २०२३ च्या नव्या कायद्यातही तो नियम कायम आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’ने मात्र अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य ठरली.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. खटल्याला मोक्का लागला. २०१५ साली १२ जण दोषी ठरले, त्यांपैकी ५ जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. छळ करून कबुल्या घेतल्या, हे आरोपींचे म्हणणे न्यायालयाला पटले. एक जण तर २०२१ सालीच नागपूरच्या कैदेत वारला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला धरू नये असे सांगितले. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

कुणी विचारील, मेलेल्यांच्या आईबापांचे काय? मीही तेच विचारतो. मारहाणीने निरपराध अडकला, तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो. आणि गुन्हेगारच सापडला असेल, तर त्याची कबुली कोर्टात टिकत नाही. दोन्हीकडून त्या आईबापांचेच हात रिकामे राहतात. एकोणीस वर्षे वाट पाहून त्यांना शेवटी एवढेही कळले नाही, की आपले लेकरू मारले कुणी.