चिलटांचा शेजार

आमची पुतणी हैदराबादच्या सीसीएमबीत चिलटे पाळते. होय, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात तीच. दिवाळीला सगळे धाराशिवच्या घरी जमलो असताना मी म्हणालो, "अगं, ही तर आपल्या स्वयंपाकघरात फुकट मिळतात! त्यासाठी निजामाच्या राजधानीत कशाला जायचं?" या विनोदाची शिक्षा म्हणून मला तासभर व्याख्यान ऐकावे लागले.

चिलटाचे डोळे म्हणे लाल असतात. 1930 साली मुलर नावाच्या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा मारा केलेल्या चिलटांच्या वंशात लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे डोळे निघाले. लाल रंगाला लागणारे जनुक बिघडले असेल, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण ते ठणठणीत होते! गुणसूत्राची मोडतोड होऊन ते फक्त दुसरीकडे, घट्ट गुंडाळलेल्या, सामसूम भागाच्या शेजारी जाऊन पडले होते. तिथली शांतता शेजाऱ्यावर पसरते. काही पेशींत जनुक गप्प बसते, काहींत बोलते. गप्प त्या पांढऱ्या, बोलक्या त्या लाल. आणि एकदा गप्प बसलेल्या पेशीच्या लेकीबाळीसुद्धा बहुधा गप्पच! (हे आमच्या घराण्यात कधी घडलेले नाही.)

"म्हणजे मोठे काका, जनुक कोणतं एवढंच बघून भागत नाही. ते राहतं कुठं, तेही बघावं लागतं."

मी हसणार होतो. पण ओट्यावरून अण्णांचा आवाज आला. नळदुर्गच्या पाणीमहालात आपण कसे भिजलो, हे ते दूधवाल्याला सांगत होते. दूधवाल्याने हे किमान वीसदा ऐकले असावे.

थोरला म्हणून गेल्या वर्षी मी अण्णांना पुण्याला माझ्याकडे नेले. चौथा मजला, समोर तीन बंद दारे. महिनाभरात माणूस 'हं' आणि 'नको' यांवर आला. मी आधी कानाचा डॉक्टर गाठला, मग मेंदूचा. रिपोर्ट सगळे नॉर्मल. फायलीवर मी आठशे रुपयांची प्लॅस्टिकची बॅगसुद्धा घेतली!

"आजोबांना परत कधी नेणार?" पुतणीने विचारले.

बाहेर पाणीमहाल संपून येरमाळ्याची यात्रा सुरू झाली होती. दूधवाला खाली बसला होता.

परतीची दोन तिकिटे माझ्या खिशात होती. धाकट्या भावाला हळूच बाजूला घेतले आणि विचारले, "एक रद्द केलं तर पैसे किती कापतात रे?"