पिशवी आपोआप होते, पण...

मे २०२१ मध्ये आमच्या घरात सगळ्यांना एक शब्द पाठ झाला होता - लायपोसोमल. काकांना कोविडनंतर म्युकरमायकोसिस झाला. साधं अॅम्फोटेरिसिन किडनीला फार त्रास देतं, म्हणून डॉक्टरांनी लायपोसोमल लिहून दिलेलं. पण ते बाजारात होतंच कुठे? अख्खं पुणं पालथं घातलं, शेवटी जिल्ह्याच्या कोट्यातून मिळालं. काका वाचले, एक डोळा गेला.

असो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे बनवणं इतकं अवघड का असावं?

लायपोसोम म्हणजे लिपिडची इवलीशी पिशवी. लिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. पाण्यात टाकलं की शेपट्या आत लपवून दुपदरी पडदा तयार! १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी हे पाहिलं. अॅम्फोटेरिसिन त्या पडद्यातच बसतं.

म्हणजे पिशवी आपोआप होते. भानगड आहे ती साइजची. पिशव्या हव्यात साधारण १०० नॅनोमीटरच्या, त्याही सगळ्या सारख्या. मोठ्या झाल्या की यकृत आणि प्लीहा त्यांना रक्तातून लगेच उचलतात. जुन्या पद्धतीत लहानमोठ्या पिशव्या आधी करायच्या आणि मग बारीक छिद्रांतून दाबून काढायच्या.

मायक्रोफ्लुइडिक्सवाले उलटं करतात. केसाएवढ्या चॅनेलमध्ये मधून अल्कोहोलमधलं लिपिड, दोन्ही बाजूंनी पाणी. इतक्या अरुंद जागेत भोवरे होतच नाहीत, धारा शेजारी शेजारी गुमान वाहतात. अल्कोहोल पाण्यात झिरपलं की लिपिडला पिशवी होण्यावाचून गत्यंतर नाही. पाण्याचा वेग वाढवा, मधली धार बारीक होते, पिशव्याही लहान. गाळणी नकोच!

आता खरा प्रश्न. दोन माणसांचा शिरा झकास होतो, दोनशेंच्या शिऱ्यात गुठळ्या. ढवळणं भांड्याबरोबर बदलतं ना! म्हणून भांडं मोठं करायचंच नाही, तोच चॅनेल शेकडो वेळा शेजारी शेजारी लावायचा. आमच्या भाषेत हॉरिझॉन्टल स्केलिंग :) कोविड लशीच्या लिपिड कणांसाठी फायझरनेही महाकाय मिक्सर न बांधता छोटे जेट मिक्सरच ओळीने लावले. ते मायक्रोचॅनेल नव्हेत, पण युक्ती तीच.

फक्त आमचा एक सर्व्हर पडला तर आम्ही त्याला बाजूला काढतो. इथे एक चॅनेल तुंबला की त्याच्या वाट्याचा प्रवाह बाकीच्यांत घुसतो, त्यांचाही वेग बदलतो, आणि वेग बदलला की साइज बदलली. तोवर सगळा माल एकाच बाटलीत पडलेला असतो.