भांगेचं तेल, नागीण आणि मज्जारज्जू

शिरोळकडचे एक काका ओपीडीत आले. वय सत्तर. छातीवर नागीण येऊन गेलेली. पुरळ महिन्याभरात सुकलं, पण सहा महिने झाले तरी सदरा अंगाला लागला की आग व्हायची. त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. "जावयानं मागवलीया. भांगेचं तेल हाय. आठवडा झाला घेतोय. चालतंय न्हवं?"

तुमच्यापैकीही बरेच जण हे विचारता, म्हणून लिहितो.

दुखण्याचा निरोप कातडीकडून थेट मेंदूत जात नाही. तो आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत दुसऱ्या चेतापेशीच्या हाती दिला जातो. निरोपांचा मारा वाढला की घेणारी पेशी आपल्याच आवरणातल्या चरबीपासून एक पदार्थ बनवते आणि उलट, देणाऱ्या पेशीकडे पाठवते. तिथल्या सीबी-१ रिसेप्टरवर तो बसला की पुढचे निरोप मंदावतात. अशा पदार्थांपैकी पहिला १९९२ साली जेरुसलेममध्ये मेकूलम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचं नाव आनंदामाइड, आपल्या 'आनंद'वरूनच ठेवलेलं! गांजातलं टीएचसी याच रिसेप्टरवर बसतं.

म्हणजे काकांच्या बाटलीमागचा विचार अगदीच खुळा नव्हता. अडचण अशी, की हे रिसेप्टर मेंदूतही भरपूर आहेत, स्मरणाच्या जागी आणि तोल सांभाळणाऱ्या जागीही. पोटात घेतलेलं तेल पत्ता विचारून फक्त मज्जारज्जूत जात नाही. सत्तरीत तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. २०२१ साली वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सगळा पुरावा तपासला आणि दुखण्यावर याच्या सरसकट वापराला पाठिंबा दिला नाही.

काकांच्या बाबतीत खरी धास्ती वेगळीच होती. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, वॉरफरिन चालू आहे. बाटलीवर टीएचसीबरोबर सीबीडीही लिहिलेलं होतं, आणि सीबीडी यकृतात वॉरफरिनचं विघटन अडवतं. रक्त जास्तच पातळ होतं. त्याच दिवशी आयएनआर केला: ५.२. त्यांचा साडेतीनच्या आत हवा. हिरड्यांतून रक्त येतंय, हे त्यांनी विचारल्यावरच सांगितलं. आणि 'आणखी काय घेता?' हे मी आधीच्या दोन भेटींत विचारलं नव्हतं.

तेल बंद केलं, वॉरफरिन दोन दिवस थांबवलं, रात्री गॅबापेंटिन अगदी कमी मात्रेत सुरू केलं. तुमच्या घरी अशी बाटली असेल तर येताना घेऊन या. रागावणार नाही.

काका आता सदरा घालतात. बनियन मात्र अजून टोचतं म्हणतात.