लॅमिंग्टन रोडवरचा दुभाषा

मुंबईच्या रस्त्यांना दोन नावे असतात; एक पाटीवरचे आणि एक तोंडातले. ऑपेरा हाउसपासून मुंबई सेंट्रलच्या दिशेने जो रस्ता जातो, त्याच्या पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असे यथास्थित लिहिलेले आहे. परंतु टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून पाहा; तो मान वळवून आपल्याकडे नुसता बघत राहील. 'लॅमिंग्टन रोड' म्हटले की गाडी चालू लागते. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब गेले, त्यांचे राज्य गेले, रस्त्याने नाव मात्र सोडले नाही. आणि ते टिकले कुणाच्या तोंडी, तर तारा, सुटे भाग, ध्वनिक्षेपक आणि संगणक घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या!

मराठीच्या मास्तराने या विजेच्या बाजारात काय म्हणून जावे, अशी शंका वाचकांना येईल. तिचे उत्तर जात्यावरच्या ओव्यांत आहे. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि त्याच्याबरोबर पहाटेचे गाणेही गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातली खेडी पालथी घालून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात संगणकावर वाचायला, ऐकायला मिळतात. एवढा सागर भरल्यावर आता उरले काय, असे कोणी म्हणेल. पण ओवी गावागणिक चाल बदलते आणि बाईगणिक गळा. आमच्या एम. ए.च्या मुलांना मावळातल्या एका गावात ओव्या गाणाऱ्या चार जणी भेटल्या. थोरलीचे वय ८४. मुलांनी मोबाइलवर त्यांचे गाणे टिपून आणले. शब्द कळत होते. परंतु जाते घरघरू लागले की यंत्र आपण होऊन आवाज दाबी, ते थांबले की चढवी. आजीबाई घटकेत उंबऱ्यावर, तर घटकेत विहिरीच्या तळाशी बसून गात आहेत असा भास होई. शब्द काय, वहीतही उतरले असते. जे वहीत उतरत नाही तेच निसटत होते. तेव्हा विभागात संगणक आहेच, त्याला जोडायचे साधन, माइक आणि तारा मिळून १५,००० रुपयांत बसवावे, असे ठरले.

या साधनाचे डब्यावर छापलेले नाव 'ऑडिओ इंटरफेस'. बाजारातले नाव 'साउंड कार्ड'. मी त्याला दुभाषा म्हणतो. माणसाच्या आवाजाने हवा हलते. माइक त्या हालचालीची अगदी क्षीण अशी वीज करतो. संगणकाला ना हवा कळते ना वीज; त्याला कळतात आकडे. मध्ये बसलेला हा दुभाषा आधी त्या क्षीण विजेला बळ देतो आणि मग सेकंदाला ४८,००० वेळा तिचे माप घेऊन आकड्यांची रास संगणकाच्या पदरात टाकतो. दुभाषा कसा असावा? त्याने आपल्या पदरचे काही घालू नये, ऐकलेले गाळू नये, आणि भर बैठकीत मुका होऊ नये. निवडीची सारी शास्त्रे या तीन अपेक्षांतून निघतात.

पुणेकर मंडळी म्हणतील, एवढ्यासाठी मुंबई कशाला? बुधवारात पासोड्या विठोबापाशी काय कमी दुकाने आहेत? कमी नाहीत, पण मला पाचपन्नास पेट्या एका दिवसात पाहायच्या होत्या. सोबतीला वर्गातलाच एक विद्यार्थी घेतला. गणेशोत्सवात मांडवामांडवांतून ध्वनिक्षेपकांची जोडणी करून तो आपली फी भरतो. डेक्कन क्वीनने सकाळी उतरलो आणि पायीच निघालो.

पहिला मुक्काम धोबी तलाव. तिथल्या जेर महाल या जुन्या इमारतीत वाद्यांचे विख्यात दुकान आहे; फुर्टाडो हे नाव १८६५ पासून या व्यापारात आहे. पियानो, गिटारी आणि स्वरलिपीच्या वह्या यांच्या शेजारी आता या पेट्याही मांडलेल्या असतात. लाल रंगाची फोकसराइट कंपनीची स्कार्लेट सगळ्यांच्या ओळखीची. ही कंपनी रूपर्ट नीव्ह या इंग्रज ध्वनितज्ज्ञाने १९८५ साली काढली. बेहरिंगर हे जर्मन नाव स्वस्ताईसाठी प्रसिद्ध. अमेरिकन 'मोटू'च्या एम-टू या पेटीला आवाजाची पातळी दाखवणारा इवलासा पडदाही आहे. किमती ऐकल्या, तर पाचसहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत आणि त्याच्याही पुढे. आम्ही नावे लिहून घेतली आणि गिरगावच्या रस्त्याला लागलो.

ठाकुरद्वार, पोर्तुगीज चर्च, प्रार्थना समाज अशी ती वाट आहे. मुंबईच्या कानाची जडणघडण बरीचशी याच आसमंतात झाली. पुढे रॉयल ऑपेरा हाउस लागते. १९११ साली पंचम जॉर्जने त्याचे उद्घाटन केले तेव्हा इमारत पुरी झालेलीही नव्हती. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांचे गळे या वास्तूने ऐकले. १९९३ साली ते बंद पडले आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. जवळच फ्रेंच ब्रिजपाशी प्रा. बी. आर. देवधरांचे संगीत विद्यालय. कुमार गंधर्व लहानपणी इथेच शिकायला आले. त्या थोरांतले काही गळे तबकडीने राखले आणि काही तबकडी यायच्या आधीच विरले. भारतात गायनाच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रणाची मोहीम १९०२ साली कलकत्त्यात झाली, तेव्हा गौहर जानला आपला राग तीनएक मिनिटांत आटपावा लागला, कारण तबकडीच तेवढी! आज तासन् तास गा. यंत्र दमत नाही. दमते ते गाणारे माणूस.

ऑपेरा हाउसला वळसा घालून लॅमिंग्टन रोडला लागलो, की गाण्याचा मुलूख संपून यंत्रांचा सुरू होतो. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. ते चित्रपटगृह आता राहिले नाही. फलकांची दाटी मात्र जशीच्या तशी आहे. दुकान म्हणजे दोन हात रुंद फळी, तिच्यामागे छतापर्यंत खोकी आणि खोक्यांच्या कपारीत मालक. पदपथावर तारांची भेंडोळी, माणसांची रीघ, आणि या सगळ्यांतून डोक्यावर खोकी घेऊन धावणारे हमाल.

एका कच्छी दुकानदारापाशी आम्ही थांबलो. त्याने काचेवर एकापाठोपाठ एक पाच पेट्या मांडल्या.

"ही घ्या सर, टॉप आयटम. चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ!"

"सर, आपल्याकडे वटवाघळं गाणार आहेत का?" माझ्या शिष्याने हळूच विचारले.

त्याचे म्हणणे बरोबर होते. माणसाचा कान फार झाले तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि ध्वनी नीट पकडायला त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे पुरतात. जुने आवाज जतन करणाऱ्या संग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची किमान शिफारस ४८,००० मापे आणि २४ बिट एवढीच आहे. त्या मापाने दोन माइकांचे तासाभराचे गाणे साधारण १ गीगाबाइट जागा खाते. १९२ हा आकडा आमच्यापुरता तरी शोभेचाच. २४ बिटांकडे मात्र काणाडोळा करू नये. आजीबाईंचा आवाज कधी कुजबुजीएवढा, कधी एकदम खडा. १६ बिटांत पातळी जपून लावावी लागते, २४ बिटांत ती बिनधास्त खाली ठेवता येते. सर्वांत स्वस्त पेट्या पुष्कळदा इथेच काटकसर करतात. बेहरिंगरचीच यूएमसी २२ ही १६ बिटांची आणि तिची थोरली बहीण यूएमसी २०२ एचडी २४ बिटांची आहे.

दुसरा विचार माइकांचा. एक आजींपाशी हवा, एक जात्यापाशी. म्हणजे घरघर आणि गळा वेगवेगळे राहतील आणि मागाहून हव्या त्या मापाने एकत्र करता येतील. तेव्हा माइकची दोनच द्वारे, पण दोन्ही खरी हवीत. काही पेट्यांवर भोके दोन असतात आणि त्यांतले एकच माइकचे, दुसरे गिटारचे. कंडेन्सर जातीच्या माइकला पेटीकडून ४८ व्होल्टचा दाब लागतो; तोही आकडा नीट पाहून घ्यावा. आठ द्वारांची पेटी पाहून जीव लोभावतो खरा, पण आमच्याकडे बायका चार आणि जाते एक!

तिसरी गोष्ट उशिराची. आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत यायला काही सहस्रांश सेकंद लागतात. संगीताच्या साथीवर गाणाऱ्याला तेवढ्यानेही चुकल्यासारखे होते. त्यावरचा उपाय म्हणजे संगणकाचा वळसा टाळून माइकचा आवाज थेट कानाशी देणारे बटण. आणि ते आताशा बऱ्याच पेट्यांवर असते. ओव्यांच्या कामाला त्याची फारशी निकड नाही. म्हणून उशिराच्या हिशेबावर आम्ही पैसे खर्चायचे नाही असे ठरवले.

मग शिष्य मला एका जिन्याने वर घेऊन गेला. पोटमाळ्यावर दुरुस्तीचे दुकान होते. राळेचा वास, पिवळा दिवा आणि डाग देत बसलेले साठीतले एक गृहस्थ. त्यांच्या मागच्या फळीवर दोन द्वारांची एक देखणी, भारी पेटी होती. ओरखडासुद्धा नव्हता.

"काका, हिला झालंय काय?" मी विचारले.

"हिला? काही नाही. ठणठणीत आहे," ते डोके वर न करता म्हणाले. "हिच्याशी बोलणारा कॉम्प्युटर मेलाय. फायरवायरची आहे ना! तसलं भोक आता नव्या मशीनला येत नाही. आणि ही दुसरी बघा. यूएसबीचीच आहे, पण हिला कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो. कंपनीने तो लिहायचं बंद केलं. झालं! दोन्ही मेल्या नाहीत, सर. पोरक्या झाल्यात."

त्या फळीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. दुकानांतल्या काचांवर नव्या पेट्यांचे गुण लिहिलेले असतात. त्यांचे पुढे काय होते, हे या फळीवर लिहिलेले होते. टिकाऊ म्हणजे न मोडणारी, अशी आपली साधी समजूत. पण या यंत्रांना मरण बहुधा बाहेरून येते. म्हणून काकांना विचारून घेतले आणि त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. पेटी कोणताही खास ड्रायव्हर न घालता, यूएसबीच्या सर्वमान्य रीतीने संगणकाने ओळखली पाहिजे. त्यासाठी ती दुकानातच दोन वेगवेगळ्या संगणकांना आणि एखाद्या मोबाइलला लावून पाहावी. कवच धातूचे असावे आणि यूएसबीची तार बसते ते भोक हलता कामा नये. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या पेट्या तिथेच निखळलेल्या असतात. पक्की पावती आणि इथल्या आयातदाराची हमी घ्यावी. पाचशे रुपये वाचवायला बिनपावतीचा माल घेऊ नये.

"आणि खेड्यात लॅपटॉप चार्जरला लावून रेकॉर्डिंग करू नका," त्यांनी शेवटी बजावले. "अर्थिंग नसतं. गुणगुण येते आणि ती जन्मात जात नाही. बॅटरीवर चालवा."

यासाठी त्यांनी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेऊ दिला.

खाली येऊन खरी परीक्षा केली. आमचाच संगणक, आमचाच माइक. 'गेन' नावाची खुंटी बोलण्याच्या पातळीला लावायची, माइक लावलेलाच ठेवून गप्प बसायचे आणि हेडफोनमधून पेटीची स्वतःची खसखस ऐकायची. दुभाषा आपल्या पदरचे किती घालतो ते इथे कळते. भर लॅमिंग्टन रोडवर शांतता कुठली मिळणार! तेव्हा माइकावर रुमाल गुंडाळला आणि त्याला खोक्यांच्या कपारीत निजवले. दुकानदार हसला, पण त्याने पाच मिनिटे गिऱ्हाइके थोपवून धरली. दोन हजारांना मिळणारी एक बिननावाची चमकदार पेटी तळणाच्या कढईसारखी तडतडत होती. पुढच्या तीन पेट्यांत ऐकू येण्याजोगा फरक मला तरी सापडला नाही. मांडवांतून वावरलेल्या शिष्याच्या कानालाही फारसा सापडला नाही. म्हणजे एका हद्दीपलीकडे पैसे कानासाठी खर्च होत नाहीत; दिमाखासाठी होतात. आम्ही दोन माइकांची, धातूच्या कवचाची यूएमसी २०२ एचडी घेतली आणि वाचलेले पैसे दोन साधे माइक, लांब तारा आणि कान झाकणारा हेडफोन यांवर घातले. १५,००० रुपयांतून चहापुरते उरले.

आता ही पेटी किती वर्षे टिकेल? दहा म्हणूया. पुढेमागे तीही एखाद्या पोटमाळ्यावरच्या फळीवर जाईल आणि कोणी काका तिला पोरकी म्हणतील. त्याचे मला दुःख नाही. कारण जतन पेटीचे करायचे नसते. आवाज उतरवायचा तो वेव्हसारख्या साध्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रूपात. त्याच्या तीन प्रती काढायच्या. त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवायची आणि दर चारपाच वर्षांनी नव्या साधनावर चढवायची. पूर्वी पोथ्यांच्या नकला अशाच होत असत, म्हणून तर त्या आपल्यापर्यंत आल्या. टाक कोणाचा होता, बोरू कुठून आणला, हे कोणी विचारीत नाही.

दुभाषा बदलतील. ८४ वर्षांच्या गळ्याला बदली नाही. म्हणून ज्यांच्या घरात अजून अशी एखादी गाणारी म्हातारी असेल, त्यांनी कोणती पेटी उत्तम याचा घोळ फार दिवस घालू नये. दोन द्वारे, २४ बिट, ४८ व्होल्ट, खास ड्रायव्हरचे लोढणे नको, आणि खसखस ऐकून घ्यावी. एका दुपारचे काम आहे. बाकी वेळ तिच्यापाशी बसण्यासाठी ठेवावा.