दुपटीची वर्षे

गेल्या माघात, बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असताना, जळगावच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात मी शाईच्या बाटलीसाठी उभा होतो. तेवढ्यात शेजारी आलेल्या एका मुलीने ‘काका, लॉग टेबल आहे का?’ असे विचारले आणि दुकानदाराने गठ्ठ्यातून एक पातळ पुस्तिका काढून तिच्या हाती ठेवली. तिने पाने चाळली मात्र, आणि त्या स्वस्त कागदाचा व छापशाईचा जो आंबूस वास माझ्यापर्यंत आला, त्याने भोवतालच्या गर्दीचे मला क्षणभर विस्मरण पडले. गणकयंत्र ज्याच्या त्याच्या खिशात आलेल्या या काळातही भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग सारणीस मुभा आणि गणकयंत्रास मनाई असल्याची सूचना छापलेली असते, हे मला ठाऊक होते. पण ती सारणी अजून त्याच वासाची निघते, हे ठाऊक नव्हते.

धुळ्याला पांझरेच्या अलीकडे आमचे बिऱ्हाड होते तेव्हाची ही गोष्ट. वर्गात लॉगची ओळख करून देणाऱ्या पहिल्या शिक्षकांनी ‘गुणाकार असेल तर मिळवा, भागाकार असेल तर वजा करा, घात असेल तर गुणा’ अशी तीन वाक्ये फळ्यावर लिहून ती पाठ करण्याचा हुकूम सोडला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. पुढे त्यांच्या जागी दुसरे मास्तर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांला सारणी उघडायला लावून विसाच्या ओळीत काय आहे, तिसाच्या ओळीत काय आहे, असे विचारले. 3010 आणि 4771. ‘बेरीज करा.’ 7781. ‘दोन त्रिक सहा, आता साठाची ओळ पाहा.’ साठाच्या ओळीत 7782 होते. मास्तर काहीच बोलले नाहीत. छापणाराची चूक असेल असे कोणी म्हणाले, नियमच खोटा असेल असेही कोणी म्हणाले, आणि एका आकड्याच्या फरकावरून त्या वर्गात जो कलह माजला, तो माझ्या आयुष्यातला गणिताचा पहिला कलह होय.

दोन, वीस आणि दोनशे यांची ओळ एकच का, हे त्या कलहातच आम्हांला उमगले: दहाने गुणले की लॉगमध्ये पुरता एक मिळवला जातो, त्यामुळे दशांशचिन्हाच्या डावीकडचा अंक केवळ स्थानांची नोंद ठेवतो, आणि उजवीकडचे 3010 त्या दोनाचेच राहतात. ज्या नियमाला आम्ही आज्ञा समजत होतो तो दहाच्या घातांकांची बेरीज होता; दहाचा वर्ग गुणिले दहाचा घन म्हणजे दहाचा पाचवा घात, हे तर आम्हांला केव्हाचेच येत होते.

ज्यांनी ही कोष्टके प्रथम रचली त्यांचे कष्ट मला फार उशिरा कळले. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने सुमारे वीस वर्षे खपून 1614 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचून लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज पुढच्याच उन्हाळ्यात एडिंबरोला त्याच्या भेटीस गेले आणि पाया दहाचा असावा, एकाचा लॉग शून्य असावा, असे त्या दोघांत ठरले. 1617 साली नेपियर वारला. ब्रिग्जने दहाचे वर्गमूळ, त्या वर्गमूळाचे पुन्हा वर्गमूळ, असे ओळीने चोपन्न वेळा काढून आपल्या हिशेबाचा पाया बांधला आणि 1624 साली तीस हजार संख्यांचे लॉग चौदा स्थळांपर्यंत छापले; मधल्या सत्तर हजारांची उणीव डच प्रकाशक व्लाक याने 1628 साली दहा स्थळांनी भरून काढली. कष्ट सारे मूळ संख्यांसाठी. दोनाचा आणि तिनाचा लॉग एकदा हाती आला की सहा, बारा, अठरा हे केवळ बेरजेने मिळतात.

धुळ्याच्या माणसाला ब्रिग्ज हे नाव ऐकताच दुसराच एक ब्रिग्ज आठवतो. पेशवाई बुडाल्यावर खानदेशच्या कारभारासाठी एल्फिन्स्टनने नेमलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 च्या सुमारास धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, कचेऱ्या उभारल्या, आणि त्यानेच पुढे फेरिश्ताचा इतिहास इंग्रजीत आणला. या ब्रिग्जचा त्या ब्रिग्जशी लॉगच्या कामी काडीचाही संबंध नाही. तथापि शाळकरी वयात मी दोघांना एकच समजून, धुळे वसवणारानेच फावल्या वेळात कोष्टके केली असावीत अशा समाधानात राहिलो होतो, आणि ते समाधान गेल्याचे मला आजही थोडे वाईट वाटते.

तर 7781 आणि 7782. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाच स्थळांचे एक जुने पुस्तक आणले. दोनाचा लॉग 0.30103, तिनाचा 0.47712, बेरीज 0.77815. चार स्थळांत लिहिताना दोघांच्याही शेपट्या छाटल्या गेल्या होत्या, आणि छाटलेला तो अंश मिळून शेवटच्या स्थळाच्या निम्म्याइतका भरल्याने तिथे पुरता एक धरला गेला होता. नियम खरा होता, छापणाराही निर्दोष होता. बारीकसारीक म्हणून टाकून दिलेले पुढे एकत्र येते, हे मला त्या वर्गात समजले. आणि ज्या शिक्षकांनी तीन वाक्ये लिहून आम्हांला ओट्यावरून पाहिले, त्यांच्याविषयीचा माझा राग इतक्या वर्षांनीही शमलेला नाही. मुले निर्बुद्ध आहेत असे धरून शिकवणे हा मुलांवर अन्याय आहे.

लॉगची कल्पना आपल्याकडे कधी कोणाच्या मनात आलीच नाही, असेही नव्हे. नवव्या शतकाच्या आरंभी वीरसेन या जैन आचार्याने ‘धवला’ टीकेत संख्येचे ‘अर्धच्छेद’ सांगितले आहेत: एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते तितके तिचे अर्धच्छेद. बत्तिसाचे पाच, आठाचे तीन, आणि दोहोंच्या गुणाकाराचे आठ. ही टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांतून निघून अमरावतीच्या हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 पासून छापून आली. कोष्टक मात्र त्या कल्पनेतून झाले नाही. गणिताला आश्रय मात्र होता: आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि निकुंभ राजांच्या आश्रयाने पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावरचा कर त्या मठाला लावून दिला गेला. शके 1128 च्या त्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजाराने गणित पोसावे अशी व्यवस्था ज्या प्रांतात आठशे वर्षांपूर्वी होती, त्याच प्रांतात पुढे बाजाराने गणिताच्या बळावर शेतकऱ्याला पोखरले.

माझे आजोबा, आईचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. बोरी नदीच्या काठी त्यांचे काळ्या मातीचे शेत होते. एका वर्षी कपाशी गेली, घरात लग्न निघाले, आणि आप्पांनी शेत तारण ठेवून दरमहा शेकडा दोन या दराने तीनशे रुपयांचे खत लिहून दिले. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या स्मृतिकारांनी घातला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला. परंतु सावकार दर वर्षाअखेर व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई, आणि मग दामदुपटीची मर्यादा नव्या मुद्दलापासून मोजली जाई. जप्ती आली तेव्हा आप्पा एवढेच म्हणत राहिले, की तीनशेच घेतले होते.

मॅट्रिकच्या वर्षी मी ते खत सारणीवर मांडले. दरमहा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस; 1.24 चा लॉग 0.0934. दोनाच्या 0.3010 ला त्याने भागले, तर तीन वर्षे आणि सुमारे पावणेतीन महिने आले. एवढ्या काळात रक्कम दुप्पट. रक्कम तीनशे असो की तीन लाख, दुपटीची वर्षे तीच, कारण दुपटीच्या हिशेबात मुद्दल येतच नाही, फक्त दर येतो. दहा वर्षांचे 0.934, अँटिलॉग 8.59. तीनशेचे अडीच हजारांवर. आप्पांना मी ते वाचून दाखवले. त्यांनी सारणी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘हे पुस्तक तेव्हा मिळत होते का रे?’ मिळत होते.

खत लिहिण्यापूर्वी गावातल्या एकाही माणसाला दुपटीची वर्षे काढता येत नव्हती, आणि काढायला लागणारे कोष्टक तालुक्याच्या शाळेच्या कपाटात होते. आजही खानदेशात हप्त्यांवर ट्रॅक्टर येतात, बी-बियाणे उधारीवर येते, सोने गहाण पडते, आणि घरातल्या बारावीच्या मुलीच्या दप्तरात ती पुस्तिका असते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या गणित शिक्षकांना माझी विनंती आहे: लॉगच्या पहिल्या तासाला उदाहरण कर्जाचे घाला, आणि व्याजाचा दर मुलांना घरून विचारून आणायला सांगा.